गुडघ्यावरचा वेंडल

"मुलगा कुठाय तुमचा?" कोच स्ट्रिकलंडने विचारलं.

"मला मुलगा नाही," वेंडल प्रूइट म्हणाला.

"मग पुतण्या असेल, भाचा असेल. जो कोणी आहे त्याला बोलवा. फुटबॉलची चाचणी सुरू व्हायची वेळ झाली."

"मीच आहे तो."

कोचने चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा नाकावर आणला. दोन्ही परींनी समोर तोच माणूस दिसत होता. तिशी ओलांडलेला, कानांवर पांढरी झाक, मान ओकच्या बुंध्यासारखी आणि पाय असे फेंगडे की मधून डुकराचं पिल्लू अंग न चोरता निघून जावं.

"कॉलेजात शिकता?"

"पहिल्या वर्षाला. आत्ताच इतिहासाचा तास करून आलो. बाईंनी मला पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस समजून खुर्ची दिली."

"मग?"

"मग काय, पंखा दुरुस्त केला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलो."

"आणि इतकी वर्षं कुठे होता?"

"बसलो होतो," वेंडल शांतपणे म्हणाला. "गुडघ्यांवर."

खोटं नव्हतं ते. आमच्या टॅलमेज बेंड गावात शाळेतल्या पोरापासून चर्चच्या पाद्रीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं की प्रूइटांचा वेंडल पोटासाठी बेसबॉल खेळतो. कॅचर होता तो. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं आणि पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू अडवायचा, सरळ असो, वाकडा असो, मातीत आपटून येवो. हातात नाही आला तर छातीवर घ्यायचा, छातीवर नाही तर गळ्यावर. पण मागे जाऊ द्यायचा नाही. या कामात त्याच्या उजव्या हाताची बोटं इतक्या वेळा मोडली होती की पाचही पाच दिशांना गेली होती. कुणी रस्ता विचारला आणि वेंडलने हाताने दाखवला तर तो माणूस जिल्ह्याबाहेरच निघायचा. गुडघ्यांचंही तेच. तो उठायला लागला की ते असे कडाडायचे की शेजारच्या अंगणातली कुत्री ओसरीखाली जाऊन लपायची.

खालच्या लीगमध्ये तारुण्य गेलं. बसमध्ये झोपणं, पेट्रोल पंपावरचं सँडविच, दर हंगामाला नवं गाव. वरच्या लीगमध्ये त्याला एकदाच बोलावलं होतं, एका सप्टेंबरात. शेवटच्या डावात त्याला फलंदाजीची आज्ञा झाली. तो बॅट घेऊन गोलात उभा राहिला, म्हणजे पुढच्या माणसानंतर याचाच नंबर. चाळीस हजार माणसं बसलेली. लाउडस्पीकरवाल्याने 'वेंडल' म्हणायला श्वाससुद्धा घेतला होता, असं वेंडल शपथेवर सांगायचा. तेवढ्यात पुढच्या गड्याने चेंडू सरळ एकाच्या हातात मारला आणि सामना संपला. लाउडस्पीकरवाल्याने तो श्वास 'शुभ रात्री' म्हणण्यात खर्च केला. दुसऱ्या दिवशी वेंडल खालच्या लीगच्या बसमध्ये.

खेळ सुटला तेव्हा बायकोने, ऑरलीनने, त्याला कॉलेजात घातलं. बेसबॉलवाल्यांनी शिक्षणाचा खर्च करारातच कबूल केलेला होता. "इतिहासाचा मास्तर हो," ती म्हणाली. ऑरलीन शाळेची बस चालवायची, त्यामुळे तिने एकदा सांगितलं की माणूस गुमान बसायचा. वेंडल बसला. पण कॉलेजच्या फुटबॉल मैदानावरून जाताना त्याला लाउडस्पीकरवर नावं पुकारलेली ऐकू यायची आणि पाय थबकायचे. फुटबॉल म्हणजे आमच्याकडचा, लांबट चेंडू काखेत मारून धावायचं आणि दुसऱ्याने अंगावर पडायचं, तो.

"मला एकदा माझं नाव ऐकायचंय," त्याने ऑरलीनला सांगितलं. "भरल्या मैदानात. बस, एकदा."

"मी रोज घेते की."

"तू घेतेस ते कचरा बाहेर ठेवायला."

ऑरलीनने बशी पुसता पुसता त्याच्याकडे पाहिलं. "हाडं मोडून घेशील."

"मोडायची काही शिल्लक आहेत का?"

असा तो चाचणीला आला.

आता आमच्या संघात, म्हणजे साळिंदर नावाच्या संघात, खेळाडूंच्या दोन जाती. एक घरचे. त्यांना कॉलेज स्वतः जाऊन शोधतं, फी माफ करतं, त्यांच्या आईच्या हातच्या चिकनची तोंड भरून तारीफ करतं आणि त्यांना घेऊन येतं. दुसरे आगंतुक, आपल्या पायांनी चालत येऊन 'मलाही घ्या' म्हणणारे. आगंतुकाला मार खायला घेतात, म्हणजे घरच्यांना सराव व्हावा. त्याच्या सदऱ्यावर आकडा असतो, पण पाठीवर नाव नसतं. नाव शिवण्याइतका दोरा कॉलेजने त्याच्यासाठी कधी खर्च केलेला नाही.

वेंडलने तो कोरा सदरा घातला आणि पहिल्याच दिवशी त्याचं नाव पडलं, आजोबा.

"आजोबा, औषध घेतलं का?"

"आजोबा, तुमच्या वेळी चेंडू दगडाचा होता म्हणे?"

"दगडाचाच," वेंडल म्हणायचा. "आणि तुझी आजी तो झेलायला यायची. तुझ्यापेक्षा बरे हात होते तिचे."

पोरं हसायची, मग त्याच्या अंगावर पडायची. तो उठायचा. गुडघे कडाडायचे. पुन्हा पडायची, पुन्हा उठायचा.

त्याचं नशीब उघडलं ते लाथेच्या सरावात. गोल मारायचा असतो तेव्हा एक गडी ओणवा होऊन दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो. दुसरा गुडघ्यावर बसून तो झेलतो आणि जमिनीवर टोकावर उभा धरतो. तिसरा धावत येऊन लाथ मारतो आणि चेंडू दोन खांबांमधून पार करतो, की तीन गुण. त्या वर्षी चेंडू मागे फेकणारा गडी इतका बेभरवशाचा होता की एकदा त्याचा चेंडू बँडच्या तुतारीत जाऊन अडकला म्हणतात. धरणाऱ्यांची बोटं सुजली, एकाचं नाक फुटलं.

"आजोबांना बसवा," कुणीतरी चेष्टेने म्हणालं.

वेंडल बसला. डोक्यावरून आला तो घेतला, मातीतला घेतला, कानाजवळून गेला तोही मागे हात घालून घेतला, आणि प्रत्येक वेळी चेंडू टोकावर असा उभा केला जणू तो तिथेच उगवलाय. कोच स्ट्रिकलंड शिट्टी तोंडात धरून बघत राहिला आणि ती वाजवायची विसरला.

"देवा रे," तो म्हणाला, "या माणसाला दुसरं काही येत नसेल तरी चालेल."

लाथ मारणारा होता मिलो ड्रॅगर. ताडमाड पोर, पाय घोड्याचा आणि काळीज चिमणीचं. सामन्याआधी हटकून ओकायचा. वेंडलला असली पोरं पाठ होती. पिचर घाबरला की कॅचर त्याच्यापर्यंत चालत जातो आणि बेसबॉल सोडून दुसरं काहीही बोलतो. बहुतेक जेवणाचं.

"मिलो, तुला पीच पाय आवडतो का रे?"

"आवडतो ना. का?"

"ऑरलीन करते, पिठाच्या कवचात पीच फळं भरून भाजलेला. वरचं कवच असं की काटा लावला तर आवाज येतो. मार आता लाथ."

मिलो मारायचा. चेंडू खांबांमधून जाऊन तबेल्याच्या छपरावर पडायचा.

तिसऱ्या सामन्यात ती घडी आली. घरचं मैदान, दोन गुणांनी मागे, घड्याळात शेवटचे श्वास. मिलोची लाथ बसली की सामना आपला. वर लाकडी खोपटात लाउडस्पीकरवर ऑर्विल टेट. ऑर्विलचा धंदा अंत्यविधीचा. गावातल्या प्रत्येकाला शेवटचा सूट त्यानेच घातलेला. त्याचा आवाजही तसाच, मखमलीत गुंडाळलेला. टॅलमेज बेंडमध्ये माणसाचं पूर्ण नाव ऑर्विलच्या तोंडून दोनच जागी निघायचं, एक मैदानावर आणि दुसरं दफनभूमीत. म्हणून पहिल्या जागी निघालेलं बरं असं सगळ्यांनाच वाटायचं.

वेंडल मैदानात उतरला. कडेची चुन्याची रेघ त्याने उडी मारून ओलांडली. बेसबॉलवाले रेघेवर पाय देत नाहीत, मेले तरी. बसला. चेंडू आला तो ढगात. वेंडल उभा राहिला, एका हाताने तो खाली ओढला, पण मिलोची लय तुटली होती.

"आजोबा, पळा!" मिलो ओरडला.

आजोबा पळाले. फेंगडे पाय असे फिरायला लागले की बँडच्या ढोलवाल्याला ठेका धरता येईना. डावीकडे सगळं रान मोकळं. पुढे शेवटची रेघ, ती ओलांडली की सहा गुण. कोपऱ्यात नारिंगी खूण. आतून दोन गडी रेड्यासारखे त्याच्या रोखाने सुटले. आणि इथे वेंडलच्या डोक्यातलं फुटबॉल संपलं आणि बेसबॉल सुरू झालं. उभं आयुष्य त्याने दुसऱ्यांना आपल्या अंगावर घसरत येताना पाहिलं होतं. उत्तम घसरण कशी असते हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्याने डावा पाय दुमडला, उजवा ताणला, अंग बाहेर झुकवलं आणि धुळीचा लोट उडवत त्या दोघांच्या हाताखालून असा गेला की त्यांना फक्त वास आला. बुटाच्या टोकाने नारिंगी खूण हळूच शिवली. मग बसल्या जागी दोन्ही हात आडवे पसरून त्याने स्वतःच निकालही दिला, बेसबॉलच्या पंचासारखा. सेफ! म्हणजे सुखरूप पोचला.

बँड सुरू झाला. गुण झाले की उडवतात ती तोफ उडाली. ऑरलीनने शेजारच्या बाईचा शेंगदाण्यांचा द्रोण हवेत उडवला.

आणि पंच शिट्टी वाजवत आला. रेघेपासून दोन यार्ड अलीकडे, वेंडलने जिथे घसरायला सुरुवात केली होती तिथे, त्याने चेंडू ठेवला. घड्याळ संपलं, सामना गेला.

बेसबॉलमध्ये घसरतात ते घरी, म्हणजे कॅचरपुढच्या पाटीवर, पोचायला. फुटबॉलमध्ये पाय पुढे करून घसरला तो शरण आला, खेळ तिथेच थांबला. हे वेंडलला कुणी सांगितलं नव्हतं, कारण पाळण्यातल्या पोरालाही ते सांगावं लागत नाही.

लाउडस्पीकर खरखरला. ऑर्विलने मखमल उलगडली. "वेंडल... प्रूइट. दोन यार्ड अलीकडे... आडवे झाले."

पूर्ण नाव. भरलं मैदान. लोकांनी टोप्या काढल्या की काय असं वाटलं.

"कोच, मी सेफ होतो," वेंडल म्हणाला.

"सेफ?" कोच स्ट्रिकलंडचा चेहरा बीटासारखा झाला. "अरे, इथे सेफ नसतं रे बाबा! इथे डोकं घालून आत पडायचं असतं! मी जिवंत असेपर्यंत तू या मैदानावर पाय ठेवणार नाहीस! ऐकलंस? जिवंत असेपर्यंत!"

घरी जाताना ऑरलीनने त्याच्या सदऱ्यावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "नाव घेतलं की पण."

"असं नव्हतं घ्यायचं."

"मग कसं? बँड लावून?"

"हो," वेंडल म्हणाला. "बँड लावून."

गावाने त्याला सोडलं असतं तर ते गाव कसलं. नाश्त्याच्या हॉटेलात तो शिरला की मेबल अंड्यांची बशी काउंटरवरून घसरवत पाठवायची आणि सगळे हात पसरून ओरडायचे, "सेफ!" चर्चमध्ये पोरं बाकावरून घसरत यायची. ऑरलीनच्या बसमध्ये एकाने मधल्या वाटेत घसरून दाखवलं, तेव्हा तिने असा ब्रेक मारला की तो खरंच घसरला, पार तिच्या पायापर्यंत.

"आलास घरी?" ती म्हणाली. "आता उतर."

वेंडल हसायचा आणि अंडी खायचा. सराव त्याने चुकवला नाही. सामन्यात चेंडू धरायला आता ब्रँटली नावाचा घरचा पोरगा होता, सरळ बोटांचा. सरावात मात्र मिलोला आजोबाच लागायचे.

"ब्रँटली कसा धरतो?" वेंडलने विचारलं.

"बरा धरतो. पण माझ्याकडे बघतच नाही."

"मग कुठे बघतो?"

"स्टँडमधल्या पोरींकडे."

"वय आहे त्याचं. आज पीच पाय नाही, सफरचंदाचा आहे. खातोस?"

हंगामाचा शेवटचा सामना नदीपलीकडच्या लॅटिमर कॉलेजशी. सकाळपासून पाऊस. मैदानाचा असा चिखल झाला होता की पलीकडच्या संघाचा एक गडी त्यात रुतला आणि त्याला बाहेर काढायला खेचर आणावं लागलं, असं निदान आमच्या बाजूचे लोक सांगतात. ब्रँटलीने मध्यंतराआधी मिळवलेल्या गुणांच्या आनंदात दोस्ताच्या शिरस्त्राणावर मुठीने ठोसा मारला आणि स्वतःचाच अंगठा मोडून घेतला. शेवटी सामना येऊन ठेपला तो तिथेच. दोन गुणांनी मागे, एक लाथ.

मिलो कोचसमोर उभा राहिला. तीनदा ओकून झालं होतं. "आजोबांना पाठवा."

"मी जिवंत असेपर्यंत नाही म्हणालो होतो."

"मग मी लाथ मारत नाही."

कोचने एकदा आभाळाकडे पाहिलं, मग वरच्या खोपटाकडे. "ऑर्विलला सांगा, माझं माप घेऊन ठेव म्हणावं," तो म्हणाला. "प्रूइट! जा. आणि ऐक. घसरलास तर परत येऊच नकोस, तसाच नदीत जा."

वेंडलने चुन्याची रेघ उडी मारून ओलांडली. चिखलात ती दिसतही नव्हती. तरी त्याने ओलांडली. गुडघ्यावर बसला. वेडीवाकडी बोटं जमिनीवर टेकवून जागा दाखवली आणि मान वळवून मिलोकडे पाहिलं.

चेंडू आला. ओला, जड, अर्ध्या वाटेतच मेलेला. चिखलात आपटला आणि वेडावाकडा उसळला. स्टँडमधल्या तीन हजार छत्र्या एकदम उठल्या. वेंडल जागेवरून हलला नाही. फक्त खांदे पुढे केले, हनुवटी छातीला टेकवली, आणि चेंडू थेट बरगड्यांवर घेतला. चेंडू त्याच्या पुढ्यात पडला, मालकाच्या पायाशी कुत्रं बसावं तसा. त्याने तो उचलला.

आणि डावीकडे पाहिलं तर रान मोकळं. सगळा लॅटिमर संघ चेंडू निसटला समजून उजवीकडे झेपावला होता. चार ढांगा, रेघ, कोपऱ्यात तीच नारिंगी खूण. या खेपेस डोकं घालून आत पडायचं, बस. मग ऑर्विल श्वास घेईल, पूर्ण नाव म्हणेल, आणि बँड वाजेल.

"पळ!" स्टँडमधून गाव ओरडलं. "पळ रे, पळ!"

हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. सांगायलाच वेळ लागतो.

वेंडलने मिलोकडे पाहिलं. पोर अर्ध्या पावलात थिजलं होतं, एक पाय हवेत, तोंड उघडं. तो चेहरा वेंडलने दोनशे पिचरांवर पाहिला होता. पुढे धावावं की थांबावं, तो विचारत होता, आणि विचारायला त्याच्याकडे एकच माणूस होता. कॅचर उठून पळाला तर पिचरने बघायचं कुणाकडे?

वेंडलने चेंडू चिखलात टोकावर उभा केला. वर एक बोट ठेवलं, दुसऱ्या दिशेला जाणारं.

"पीच पाय," तो म्हणाला. "ये."

मिलो आला. लाथ बसली तिचा आवाज नदीपलीकडे लॅटिमरच्या गाईंनी ऐकला. चेंडू पावसातून वर गेला, डुलला, थोडा रेंगाळला, आणि दोन खांबांमधून पार झाला. त्या क्षणी लॅटिमरचे दोन रेडे वेंडलच्या अंगावर येऊन पडले. उशीर झाला होता त्यांना.

बँड वाजला. तोफ ओली होती म्हणून तिच्याऐवजी सगळ्यांनी तोंडानेच 'धडाम' केलं. लाउडस्पीकरवर ऑर्विलचा आवाज प्रथमच मखमलीतून फाटून बाहेर आला. "मिलो ड्रॅगर! मिलो... ड्रॅगर!" पोरांनी मिलोला खांद्यावर घेतलं. कोच स्ट्रिकलंड चिखलात बसून रडत होता आणि घाम पुसतोय असं दाखवत होता.

वेंडल त्या ढिगाखालून निघाला. एका हाताने गुडघा धरून उठला. कडाड. तेवढ्या गोंगाटातही तो आवाज ऑरलीनला ऐकू गेला. ती स्टँडच्या कठड्याला पोट लावून उभी होती, छत्री कधीच उडून गेलेली.

"वेंडल अर्नेस्ट प्रूइट!" तिने गर्दीच्या वर आवाज काढला. "घरी येताना दूध आण!"

त्याने हात वर केला आणि कडेची न दिसणारी रेघ ओलांडून बाहेर आला.

सोमवारी मेबलच्या हॉटेलात ऑर्विल टेट त्याच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसला. काळा सूट, हातात हॅट.

"वेंडल, एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "लाथ मारणाऱ्याचं नाव घ्यायची पद्धत आहे. धरणाऱ्याचं घेत नाहीत. कुठेच नाही घेत. माझ्या मनात होतं, पण पद्धत नाही."

"माहीत आहे मला."

"वाईट वाटलं मला."

"वाईट कशाला वाटून घेतोस?" वेंडलने अंड्याच्या बलकात पाव बुडवला. "तू माझं नाव शेवटी एकदा घेणारच आहेस. फक्त घाई करू नकोस."

ऑर्विलने विचार केला आणि आयुष्यात प्रथमच मोठ्याने हसला. मेबलच्या हातून कॉफीचं भांडं निसटता निसटता राहिलं.

वेंडल पुढे इतिहासाचा मास्तर झाला. पोरं त्याला आजोबा म्हणायची थांबली, कारण तोवर तो खरंच आजोबांच्या वयाला आला. मिलो मोठ्या शहरात गेला. आता पोटही सुटलंय म्हणतात त्याचं.

त्या लाथेचा फोटो गावच्या साप्ताहिकात आला होता. मेबलने तो कापून, चौकटीत घालून काउंटरमागे लावला. मेबल गेली, तिची मुलगी आली, फोटो तिथेच आहे. मिलो आडवा-उभा भरून राहिलाय, पाय डोक्याच्या वर, चेहऱ्यावर पाऊस. खाली, कोपऱ्यात, जिथे चौकट संपते, तिथे चिखलात टेकलेला एक हात दिसतो. मनगटामागचं सगळं कापलं गेलंय. नुसता हात, आणि पाच दिशांना गेलेली बोटं.

बाहेरगावचे लोक कॉफीला थांबले की विचारतात, हा हात कुणाचा?

काउंटरवरचं कुणीच तोंडाने सांगत नाही. सगळे आपापली बोटं वाकडी करतात आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे दाखवतात. तिथे एक म्हातारा अंडी खात बसलेला असतो, पाठ त्यांच्याकडे. त्याच्या सदऱ्यावर पाठीमागे नाव नाही.